माझ्या देखरेखीखाली शेवंती

१४ सप्टेंबर

सौ. आज लेकीकडे गेली. लेक पडदे लावताना स्टुलावरून पडली, पाय प्लास्टरमध्ये. जावयाला साधा चहासुद्धा जमत नाही. (मला जमतो. फक्त साखरेचा डबा कोणता ते माहीत नाही.) दीड-दोन महिने तरी परत यायची नाही.

जाताना सूचनांचा भडिमार. गॅस, दूध, इस्त्रीचे कपडे आणि पुन्हापुन्हा शेवंती. शेवंती म्हणजे इमारतीमागच्या सामाईक बागेत आमचा जो वाफा आहे, त्यात तिनं लावलेली पांढरी. उन्हाळ्यात तिची आई गेली. घर आवरायला सगळी भावंडं जमली. कुणी कपाट उचललं, कुणी घड्याळ. हिनं आईच्या कुंडीतल्या शेवंतीचे फुटवे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणले. मी तेव्हाच म्हटलं होतं, की निदान शिलाई मशीन तरी आणायचं. त्यावर तिनं आठवडाभर अबोला धरला होता.

सूचना अशी, की फक्त पाणी घाला, बाकी काही म्हणजे काही करू नका. आणि डोळे दाखवून या, मी अपॉइंटमेंट घेऊन ठेवली आहे.

मी जन्मभर वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. तराजूचा काटा केसभर हलला तरी मला रस्त्याच्या पलीकडून दिसायचा. दुकानदार चळाचळा कापायचे. त्या माणसाला ही सांगते, फक्त पाणी घाला!

संकल्प: ती येईल तेव्हा वाफा असा फुललेला पाहिजे की तिनं तोंडात बोट घालावं.

१५ सप्टेंबर, सकाळ

बागेतल्या बाकावर मंडळी जमली. मंडळी म्हणजे मी, बँकवाले, गणिताच्या बाई आणि सिस्टर. प्रत्येकाचा एकेक वाफा आहे, पण बागकाम थोडं आणि तब्येतीच्या गप्पा फार. बँकवाले निवृत्त कॅशियर. दोन्ही गुडघ्यांविषयी वेगवेगळं सांगतात, दोन खाती असल्यासारखं. डावा बरा आहे, उजव्यात काही शिल्लक नाही. बाईंची शुगर आणि सून, दोन्ही कंट्रोलमध्ये नाहीत. सिस्टर जन्मभर दवाखान्यात नर्स होत्या. कमी बोलतात, पण बघतात अशा की आता काखेत थर्मामीटर लावणार.

मी सांगितलं की मला काहीही झालेलं नाही. सगळ्यांना थोडं वाईट वाटलं असावं. बँकवाले म्हणाले, की डोळ्यांचं काय? सौ. जाताना सगळ्यांना सांगून गेलेली दिसते. डोळ्यांना गाजर चांगलं, थंडी पडली की ते गाजर लावणार आहेत आणि पहिला वाटा माझा. मी आभार मानले. गरज नाही, पण माणूस प्रेमानं देतोय.

सिस्टरनी मध्येच विचारलं, की समोर भिंतीवर मांजर बसलंय ते कोणत्या रंगाचं? मी म्हणालो, करड्या. ते मांजर नव्हतं, सिमेंटची रिकामी पिशवी होती. पण करडीच होती.

१८ सप्टेंबर

वर्तमानपत्राच्या छपाईचा दर्जा पार घसरला आहे. शाई वाचवतात. संपादकांना पत्र लिहिलं.

ट्यूब बदलली. नवीही मंदच निघाली. दुकानदाराशी वाद. तो म्हणाला, काका, लखलखीत आहे की. आजकाल लोक तोंडावर खोटं बोलतात.

संध्याकाळी गाड्यांच्या दिव्यांभोवती मोठमोठी वलयं. कसले दिवे बनवतात, देव जाणे. त्यावरही पत्र लिहिणार आहे.

२१ सप्टेंबर

ऐतिहासिक दिवस.

सकाळी पाणी घालताना लक्षात आलं की वाफ्यात तण माजलंय. एका बाजूला जाड, बुटकी, दाट अशी झुडपं. त्यांच्या मधून नाजूक, कातरलेल्या पानांची हिरवीगार रोपं डोकं वर काढू बघतायत. शेवंतीचं पान कातरलेलं असतं हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणजे ती बिचारी शेवंती, आणि दाट माजलेलं ते तण. एका क्षणात निदान केलं. अनुभव लागतो.

कंबर कसून सगळं तण मुळासकट उपटलं. चिवट होतं. जमिनीला घट्ट धरून बसलं होतं, पण मीही सोडणाऱ्यांतला नाही. उपटताना हाताला वास आला, साधारण शेवंतीसारखाच. नक्कल करतात ही तणं.

सगळा ढीग खताच्या खड्ड्यात टाकला. नाजूक रोपांना खत घातलं, आळी केली. आता कशी मोकळा श्वास घेतायत.

संध्याकाळी सिस्टर म्हणाल्या, की इन्स्पेक्टरसाहेब, वाफ्यात काय केलंत? मी त्यांना तण कसं ओळखावं यावर सविस्तर माहिती दिली. त्या ऐकत होत्या. नंतर बघतो तर खताच्या खड्ड्यात वाकून काहीतरी शोधतायत. वय झालं की माणसाच्या वस्तू हरवतात.

२६ सप्टेंबर

आज डोळ्यांची अपॉइंटमेंट. जाणार होतोच. कपडेही केले होते. पण ऊन फार कडक, आणि अशा उन्हात शेवंतीला एकटं सोडून जाणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. दवाखान्यात फोन करून तारीख पुढे ढकलली.

भीतीबिती अजिबात नाही. डोळ्याजवळ कुणी हत्यार आणलेलं मला पसंत नाही, एवढंच.

२ ऑक्टोबर

वाफा जोरात. एवढी वाढ मी कुठे पाहिली नाही. सौ.च्या हाताखाली ही शेवंती नुसती बसून होती, माझ्या हाताखाली गुडघ्याला लागली. खाली नवीन रोपंही उगवली आहेत. माळी लोक फुटव्यांसाठी जीव टाकतात, माझ्याकडे आपोआप येतायत.

संकल्प: ज्ञान आणि रोपं वाटल्यानं वाढतात. लहान रोपं कुंड्यांत काढून मंडळींना भेट दिली. बाईंना दोन दिल्या, सुनेला एक द्या म्हटलं, संबंध सुधारतील. बँकवाल्यांनी कुंडी उचलताना उजवा गुडघा सांभाळला, पण कुंडी नेली. ही खरी दाद.

सिस्टर नको म्हणाल्या. त्यांच्या खिडकीत जागा नाही, आधीच काहीतरी ठेवलंय. त्यांची खिडकी आमच्या खिडकीसमोरच आहे. मला तिथे काही दिसत नाही.

९ ऑक्टोबर

फुलं आली!

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात! बारीक, पांढरी, टाचणीच्या डोक्याएवढी, पण संख्या विचारू नका. सगळा वाफा चांदणं पडल्यासारखा. ताबडतोब सौ.ला फोन केला. म्हणालो, तुझ्या आईची शेवंती बघ कशी फुलली.

तिनं विचारलं, की फुलं केवढी आहेत? मी म्हणालो, लहान, पण दर्जा बघावा. तिनं फोटो मागितला. पाठवला. ती म्हणाली, की हा तर झारीचा फोटो आहे. दुसरा पाठवला. म्हणाली, हा तुमच्या चपलेचा. मोबाइलचा कॅमेरा बिघडलाय.

मग डोळे दाखवलेत का, हा प्रश्न. मी रेंज जात असल्याचं सांगितलं.

तिचा आवाज जड वाटला. आनंदानं झाला असणार. गेल्या काही महिन्यांत तिला आनंद असा झालाच नव्हता, हे मला कळतं. तोंडानं म्हणत नाही, पण ही शेवंती तिच्यासाठीच करतोय.

१३ ऑक्टोबर

बाकावर सगळे शिंकतायत. बँकवाल्यांना एकापाठोपाठ एक इतक्या शिंका आल्या की गुडघ्यांचा विषयच निघाला नाही. बाईंचा आवाज बसला. त्यांच्या सुनेलाही सर्दी. म्हणजे घरात पहिल्यांदा एकमत.

मी ऋतुबदल आणि प्रतिकारशक्ती यावर बोललो. माणूस मोकळ्या हवेत, झाडांच्या सान्निध्यात राहिला की त्याला काही होत नाही. मी उदाहरण म्हणून स्वतःलाच दिलं. नेमका तेव्हाच शिंकलो. ती तपकिरीची सवय सुटल्यामुळे येणारी शिंक आहे, हे स्पष्ट केलं. (तपकीर मी कधी ओढली नाही, पण खुलासा पटला.)

१७ ऑक्टोबर

कोपरापर्यंत खाज. साबणाचा प्रताप. सौ. नसताना मी स्वतः आणलेला साबण, दुकानदारानं जुना माल गळ्यात मारला. साबण बदलला.

फुलांचा मोठा गुच्छ करून उशाशी ठेवला. मन प्रसन्न राहतं.

१८ ऑक्टोबर

दोन्ही डोळे सुजले. झोप नीट झाली नसावी. गुच्छ आणखी मोठा केला.

२२ ऑक्टोबर

माझ्या रोपांना फार मागणी आहे. बाईंकडची दोन्ही त्यांच्या भाचीला इतकी आवडली की तिनं मागून नेली. ती फार लांब राहते म्हणे. बँकवाल्यांची कुंडी चोरीला गेली. तिसऱ्या मजल्यावरून! चोरांनाही आता कळायला लागलंय. मी त्यांना लगेच दुसरी देऊ केली. ते नको नको म्हणत जिन्यानं निघाले, आणि उजव्या गुडघ्याचा विचार न करता दोनदोन पायऱ्या चढले. बागकामानं प्रकृती सुधारते ती अशी.

बाकावर हल्ली सगळे दुसऱ्या टोकाला बसतात. मला पाय पसरायला जागा मिळते.

२७ ऑक्टोबर

आज सिस्टर घरी आल्या आणि काही न विचारता मला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. मी विरोध केला असता, पण वाट नीट दिसत नव्हती.

आधी त्वचेचे डॉक्टर. हात बघून म्हणाले, की आसपास गाजरगवत आहे का? त्याच्या परागांनी असं होतं, दमेकऱ्यांना तर फार त्रास. मी त्यांना ठणकावून सांगितलं, की माझ्या वाफ्यात गवताचं एक पातं मी ठेवत नाही, सगळं स्वतःच्या हातांनी उपटलं आहे. सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचे खांदे हलत होते. त्यांनाही शिंक आली असावी.

मग शेजारीच डोळ्यांचे डॉक्टर. कट करून आणल्याचा मला संशय आहे. भिंतीवरचा तक्ता फिका पडलाय, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिलं. ते म्हणाले, की तक्ता तिकडे आहे, तुम्ही कॅलेंडरकडे बघताय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्याचा चांगलाच पिकलेला, ऑपरेशन करून टाका.

विचार करून सांगतो म्हणालो. घाई करण्यात अर्थ नाही. पिकलेलं आहे म्हणजे आपोआप गळूनही पडेल.

४ नोव्हेंबर

सौ. आली. लेकीचं प्लास्टर निघालं.

मी तिला बॅगसुद्धा खाली ठेवू दिली नाही. हात धरून मागे नेलं, डोळे मिटायला लावले, वाफ्यासमोर उभं केलं आणि म्हणालो, उघड.

मी कौतुकाची वाट बघत उभा. मग तिनं विचारलं, की हे गाजरगवत कुणी लावलं? मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, की याला खत घातलंय तुम्ही. आळी केलीत. मग अगदी हळू म्हणाली, की उपटलंत त्याला वास कसला येत होता?

मला वास आठवला.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. तिच्या आईच्या घरातून तिनं एवढंच आणलं होतं. कपाट नाही, घड्याळ नाही. आणि ते मी माझ्या हातांनी मुळासकट काढून खड्ड्यात टाकलं, वर तण म्हणून नावं ठेवली. मी तिला सॉरी म्हणालो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच म्हणालो असेन, कारण ती दचकली.

जेवलो नाही. म्हणजे थोडंच जेवलो.

५ नोव्हेंबर, सकाळ

चहा झाल्यावर सौ. म्हणाली, चला. समोर सिस्टरकडे नेलं. खिडकीपाशी उभं केलं आणि विचारलं, की काय दिसतंय?

काहीतरी पांढरं होतं. माझ्या मनात लख्ख प्रकाश पडला. सिस्टर त्या दिवशी खड्ड्यात काय शोधत होत्या! शेवंती वाचली होती! मी म्हणालो, वा, किती फुलली आहे, पांढरी शुभ्र.

सिस्टर म्हणाल्या, की तो माझा टॉवेल आहे. शेवंती त्याच्या शेजारी. अजून नुसत्या कळ्या आहेत.

दोघींना सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सिस्टरनी त्याच संध्याकाळी फोन केला होता. मला का नाही सांगितलं, विचारलं, तर सौ. म्हणाली, की परत आणून लावली असती तर तुम्ही परत उपटली असती. मग गाजरगवत तरी का वाढू दिलंत? सिस्टर म्हणाल्या, की मी ते दोनदा उपटायला आले, दोन्ही वेळा तुम्ही काठी घेऊन राखण करत होतात. डोळ्यांत तेल घालून.

आणि काल रात्रभर मला तळमळत ठेवलं ते? सौ. म्हणाली, की मी तुम्हाला सहा वर्षं डोळे दाखवा म्हणतेय, तुम्ही एक रात्र काढलीत.

अट अशी आहे: उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत शेवंती सिस्टरकडेच राहणार.

पूर्ण विचारांती मी स्वतःहून ऑपरेशनचा निर्णय घेतला.

१२ नोव्हेंबर

झालं. काही नाही त्यात. उगाच लोक घाबरतात. नर्सचा हात मी धरला होता तो तिला धीर देण्यासाठी. तिची बोटं थोडी सुजली म्हणे. बर्फ लावा म्हणालो.

१४ नोव्हेंबर

पट्टी काढली. सौ.नं शेवंती घरी आणली, शब्दाला पक्की आहे. पहिलं फूल उमललंय. पाकळ्यांच्या कडा किती स्वच्छ, मध्ये किंचित पिवळसर झाक. मी एक डोळा मिटून बघतच राहिलो. सासूबाईंच्या पायरीवर ही कुंडी असायची. तिथे बसून मी असंख्य वेळा चहा प्यायलो आणि एकदाही हिच्याकडे बघितलं नाही. तेव्हा तर डोळे चांगले होते.

ट्यूब लखलखीत आहे. दुकानदाराची माफी मागायची आहे, जमेल तेव्हा.

सौ.चे केस बरेच पांढरे झालेत. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, की बरीच वर्षं झाली. मग कुंडीला पाणी घालायला मला दिलं. कुंडीत पाटी खोचली आहे. पाटीवर मोठ्या अक्षरांत, की ही शेवंती आहे, उपटू नये. मी ती दारातून वाचून दाखवली.

२८ नोव्हेंबर

बागेतलं गाजरगवत मंडळींनी तोंडाला फडकी बांधून काढलं. मला लांब बसवलं, डॉक्टरांनी धूळ वर्ज्य केली आहे. पण प्रत्येक रोप मी मागवून घेऊन नीट बघितलं. बारीक कातरलेलं पान, हिरवंगार, नाजूक. आता ते जगात कुठेही असू दे, माझ्या तावडीतून सुटायचं नाही.

बाकावर पुन्हा सगळे जवळ बसतात. बँकवाल्यांची चोरी त्यांनी कबूल केली. कुंडी त्यांनीच कचऱ्यात टाकली होती. मी मोठ्या मनानं माफ केलं. भल्या माणसानं माझ्यामुळे महिनाभर शिंका काढल्या, याचं मात्र मनाला लागून राहिलंय.

संकल्प: त्यांच्यासाठी काहीतरी करायचं. न सांगता.

४ डिसेंबर, दुपार

डॉक्टरांनी आता बागेत जायला हरकत नाही म्हटलंय. पहिल्यांदाच मोकळेपणानं फेरी मारली. कधी नव्हे इतकं स्वच्छ दिसतंय. आणि बघतो तर काय, बँकवाल्यांचा आख्खा वाफा त्याच पानांनी भरलेला! ओळीच्या ओळी. बिचारे गुडघ्यांमुळे वाकू शकत नाहीत, त्यांच्या लक्षातही आलं नसेल.

हातमोजे घातले, फडकं बांधलं. दुपारच्या आत वाफा साफ. एक काडी शिल्लक ठेवली नाही. या वेळी प्रत्येक रोप डोळ्यासमोर धरून खात्री केली. देणं फेडल्याचं समाधान काय असतं ते आज कळलं.

४ डिसेंबर, संध्याकाळ

ती गाजरं होती.

बँकवाले वाफ्यापाशी उभे राहिले, मग खाली बसले. दोन्ही गुडघ्यांवर. म्हणाले, की पहिला वाटा तुमचाच होता. मी सांगितलं, की अजून एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालंय.

घरी आलो. सौ.नं शेवंतीची कुंडी उचलली, पाटीसकट, आणि सिस्टरच्या खिडकीत नेऊन ठेवली.

इथून स्पष्ट दिसते.